पथ्य एकट्याचं नसतं



मागचे दोन-तीन लेख जुन्या शाळेचे आणि जुन्या मित्र-मैत्रिणींचे झाले. आज मात्र जरा भांडायला बसले आहे. आणि भांडण परक्यांशी नाही, आपल्याच माणसांशी आहे. हे वाचणाऱ्यांत माझे भाचे-पुतणे आहेत, जावा-नणंदा आहेत, विहीणबाईही आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर इथे लिहिते आहे. समोरासमोर विषय काढला की तो चहा-पोह्यांवर जाऊन विरतो.

विषय आहे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा, आणि त्याहून जास्त त्या ऑपरेशननंतर तीन-चार वर्षांनी माणसाचं जे होतं त्याचा. सवयी सुटतात, काटा पुन्हा वर सरकायला लागतो, आणि मग आजूबाजूचे लोक तीन वाक्यं बोलतात. "पैसे पाण्यात गेले." "शॉर्टकट घेतला की असंच होणार." आणि तिसरं, सगळ्यांत गोड, "आता पोटच एवढुसं आहे, एक लाडू खाल्ला तर काय होतंय?" ही तिन्ही वाक्यं खोटी आहेत, आणि खोटी असून शहाणपणाच्या थाटात बोलली जातात. माझं म्हणणं एवढंच, की वजन परत आलं तर तो त्या माणसाचा एकट्याचा नापासपणा नाही. तिथून परत वाटेवर येणं हेही एकट्याचं काम नाही.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. विषय न वाचता उत्तर लिहिणाऱ्यांचे पेपर मी खूप तपासले आहेत. एका प्रकारात, म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत, जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपासचा. अमेरिकेत आयोवा इथे एडवर्ड मेसन या शल्यविशारदाने तो १९६६ साली सुरू केला. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पोट लहान होतं एवढंच नाही. भूक लावणाऱ्या घ्रेलिनसारख्या संप्रेरकांचा सगळा हिशोब बदलतो. म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष भूक फारशी लागतच नाही आणि वजन भराभर उतरतं.

मग ते दिवस संपतात. भूक हळूहळू परत येते. पोटाची नळी थोडी सैल होते. कमी झालेलं शरीर ऊर्जा जपून वापरायला लागतं. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. लहान झालेल्या पोटात डाळ, अंडं, भाकरी यांनी लवकर तुडुंब वाटतं, पण चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, तोंडात विरघळणारी शेव हे सगळं सुळकन खाली उतरतं. पोट अडवतं ते चांगल्या अन्नाला, आणि वाट देतं ते नको त्याला! यात इच्छाशक्तीचा प्रश्न कमी आणि शरीराच्या रचनेचा जास्त आहे.

आता 'पैसे पाण्यात' या वाक्याकडे वळू. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. सुमारे ४,००० स्थूल माणसं, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी ऑपरेशन करून घेतलं, बाकीच्यांनी नाही. बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी पाहिलं तर ही घट २५ टक्के राहिली होती. म्हणजे थोडं वजन परत येणं हा अपवाद नव्हे, तो तर सरासरीचाच भाग आहे. ज्यांनी ऑपरेशन केलं नव्हतं त्यांचं वजन जवळपास होतं तिथेच राहिलं. आणि ऑपरेशन केलेल्या गटात मृत्यूंचं प्रमाण कमी निघालं. याला पाण्यात जाणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!

आमच्याच घरातलं उदाहरण देते. माझी एक भाची आहे. नाव लिहीत नाही, पण तिला विचारूनच लिहिते आहे. ऑपरेशनच्या वेळी १०४ किलो होती, दीड वर्षात ६८ वर आली. आज चार वर्षांनी ७९ आहे. घरच्या एका बारशात कोणीतरी तिच्या देखत म्हणालं, "परत होती तशी झाली की गं!" मी गणिताची शिक्षिका नव्हे, मराठीची, तरी एवढी वजाबाकी मलाही येते. ३६ किलो उतरले, त्यांतले ११ परत आले, २५ गेले ते गेलेच. ३६ पैकी २५ म्हणजे जवळजवळ ७० टक्के. एवढे गुण पडले तर आपण पेढे वाटतो. आणि या मुलीला मात्र सगळ्यांनी नापास करून टाकलं.

तिचं आयुष्यही बघा. ती चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. पहाटे साडेपाचला कोकणे चौकात कंपनीची बस पकडायची, नाहीतर रात्री बारा वाजता घरी यायचं. झोपेचं आणि जेवणाचं वेळापत्रक दर सोमवारी उलटं-पालटं. मधल्या सुट्टीत चहा-बिस्किट, कोणाचा वाढदिवस असला की समोसा आणि केक. घरी सगळ्यांचा स्वयंपाक तिच्याच हातचा. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या आहारतज्ज्ञ बाई नोकरी सोडून गेल्या, त्यानंतर तिकडून कोणाचा फोन आला नाही. आणि वजन वाढल्यावर तिला स्वतःहून तिथे जायची लाज वाटायला लागली. आता सांगा, ही घसरण एकटीची आहे का?

'शॉर्टकट' म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्यांना कोणी म्हणालं का, की रोज चालायचं सोडून शॉर्टकट घेतलात? ज्या ऑपरेशननंतर जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतात, दरवर्षी रक्त तपासावं लागतं, तो कसला आलाय शॉर्टकट?

आपल्याच राज्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण नितीन गडकरींचं. २०११ साली मुंबईत त्यांचं हे ऑपरेशन झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनी सांगितलं, की एकेकाळी माझं वजन १३५ किलो होतं, आता ९३ आहे. प्राणायाम, व्यायाम यांविषयी ते आजही जाहीरपणे बोलतात. ज्यांच्या हाताशी सगळी साधनं आहेत त्यांनाही ऑपरेशननंतर इतक्या वर्षांनी शरीराकडे रोज लक्ष द्यावंच लागतं, हा त्यातला धडा. पण आपण लक्षात काय ठेवलं? त्याच सभेत त्यांनी तिथल्या खासदारांना गमतीने सांगितलं, की उतरवलेल्या दर किलोमागे मतदारसंघाला हजार कोटींची कामं देतो. टाळ्या पडल्या. किलो उतरले की टाळ्या, किलो चढले की टोमणे. आपल्याला दुसऱ्याचं वजन म्हणजे क्रिकेटचा स्कोअर वाटतो.

दवाखान्यांच्या जाहिरातींचंही तेच. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो. त्या 'नंतर'च्या नंतरचा, चौथ्या-पाचव्या वर्षीचा फोटो काही कोणी छापत नाही. विम्याची गोष्ट आणखी मजेशीर आहे. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ असून मधुमेहासारखा गंभीर त्रास असेल आणि बाकीचे उपाय करून झाले असतील, तर या ऑपरेशनला विमा मिळू शकतो. चांगलंच आहे. पण 'आरोग्य संजीवनी'सारख्या सर्वसाधारण पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च मिळतो तो ६० दिवसांचा. वजन परत यायला लागतं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी! कापण्याचे पैसे आहेत, सांभाळण्याचे नाहीत. ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पाच वर्षांची तपासणी आणि आहाराचा सल्ला हा ऑपरेशनच्याच पॅकेजचा भाग असला पाहिजे, आणि विमा कंपन्यांनी तो मोजला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणि आता घरातलं. आग्रह! हा शब्द 'ग्रह्' धातूपासून आला आहे, म्हणजे पकडणं. आपण प्रेमाच्या नावाखाली माणसाला खरोखरच पकडतो. "माझ्या हातचा एक लाडू नाही खाणार?" एका बेसनाच्या लाडवात दीड-दोनशे कॅलरी सहज असतात. चार आत्या, तीन माम्या, प्रत्येकीचा एकेक लाडू, करा हिशोब. बायपास झालेल्या माणसाला तर गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर असा त्रासही होऊ शकतो. नको म्हटलं की रुसवा, खाल्लं की टोमणा. त्या पोरीने करायचं तरी काय?

कोणी म्हणेल, "आजी, सगळी जबाबदारी दुसऱ्यांवर ढकलताय. तोंड तर तिचंच ना?" बरोबर. घास उचलणारा हात तिचाच आहे आणि ती ते नाकारत नाही. पण ज्या मुलाच्या घरी अभ्यासाला दिवा नाही त्याला फक्त 'अभ्यास कर' म्हणणारा शिक्षक निम्मंच काम करतो. दिवा लावा, मग जाब विचारा.

मग वाटेवर परत यायचं कसं? पाच दिवस नुसती पेयं पिऊन पोट 'रीसेट' करायचे कार्यक्रम हल्ली विकले जातात. पाच दिवसांनी सहावा उजाडतोच, आणि घरात तोच फरसाणाचा डबा असतो. डॉक्टर सांगतात ते साधं आणि कंटाळवाणं आहे. ताटात आधी प्रथिनं : घट्ट वरण, उसळ, पनीर, अंडं, खात असाल तर मासे. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं तरी पोटात जायला हवीत. मग भाजी, शेवटी भाकरी-भात. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. लहान घास, नीट चावून. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. रोज चालणं आणि जोडीला स्नायूंचा व्यायाम. पुरेशी झोप. आणि मुख्य म्हणजे लाज बाजूला ठेवून पुन्हा डॉक्टरांकडे जाणं. वजन वाढण्यामागे कधी वैद्यकीय कारणही असतं, ते तपासून घ्यावं लागतं. २०२५ साली मौंजारो, वेगोवी अशी इंजेक्शनंही भारतात आली. ती कोणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. पण तीही थांबवली की उतरलेलं बरंचसं वजन परत येतं, हे दिसून आलं आहे. म्हणजे हा आजार जन्मभर सांभाळायचा आहे. एकदा कापून किंवा टोचून तो संपत नाही.

आपल्याकडे यासाठी सुंदर शब्द आहे, पथ्य. तो 'पथ' या शब्दापासून आला. जे वाटेला धरून आहे ते पथ्य. वाट चुकली तर माणूस पुन्हा वाटेवर येतो, त्यासाठी त्याला मुहूर्तही लागत नाही आणि प्रायश्चित्तही. पुढचं जेवण नीट झालं की आलाच तो वाटेवर.

आणि घरातल्या सडसडीत मंडळींनो, तुम्ही हसू नका. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी लपलेली असते, मधुमेह असाच दबक्या पावलांनी येतो. तेव्हा उसळ आधी, भात शेवटी, जेवणानंतर लिनिअर गार्डनपर्यंत चक्कर, हे भाचीसाठी म्हणून नव्हे, सगळ्या घरासाठी सुरू करा. एकीसाठी वेगळं शिजवलं की तो आजार होतो, सगळ्यांनी खाल्लं की ती घराची पद्धत होते.

माझं मागणं फार नाही. यंदा गौरींच्या जेवणाला तिचं ताट तिला वाढून घेऊ द्या. तिच्या वजनाचा विषय तिने काढल्याशिवाय काढू नका. आणि फारच प्रेम उतू गेलं, तर लाडवाऐवजी रविवारी सकाळी तासभर तिच्याबरोबर चालायला जा. मी जातेच आहे, गुडघे कुरकुरत असले तरी.

असो. राग आला असेल तर फोन करा. दुपारी दोन ते चार सोडून, ती माझी झोपेची वेळ आहे.