समुद्राचा मासा आणि सोलापूरचे ऊन

दक्षिण गोलार्धातील थंड समुद्रांत गॅस्टरोकिस्मा नावाचा एक मोठा मासा खुल्या पाण्यात वावरतो. तो आपल्या ताटात येत नाही. त्याचे भाऊबंद मात्र येतात. बांगडा, सुरमई आणि कुपा हे त्याच कुळातले. वार्धक्यात स्नायू झिजू लागतात, चावणे जड जाते. अशा वेळी या माशांचे मऊ, प्रथिनयुक्त मांस उपकारक ठरते. बांगड्यातील ओमेगा-३ मेदाम्ले हृदयालाही हितकर मानली जातात. परंतु या कुळाची एक खोड आहे आणि समुद्रापासून दूर, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या सोलापुरात ती विशेष ध्यानात ठेवावी लागते.

या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल विपुल असते. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन उकळल्याने, तळल्याने वा गोठवल्याने नाहीसे होत नाही. कोकम, चिंच, लिंबू यांचाही उपयोग नाही. शिवाय असा मासा दिसायला आणि वासाला चांगला असू शकतो. वयपरत्वे गंधज्ञान मंदावलेले असते, म्हणून केवळ वास घेऊन निर्णय करू नये.

तो खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडते, कधी जुलाब होतात. बहुतेकांना काही तासांत आराम पडतो. मात्र हृदयविकार किंवा दमा असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत वाट पाहत बसू नये. धाप लागली, चक्कर आली किंवा छातीत दुखू लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध चालू असल्यास शरीराला हिस्टामिनचा निचरा करणे अवघड जाते. अशा रुग्णांनी हे मासे खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

अशा माशाचा घास कधी जिभेला मिरीसारखा चरचरतो. आपल्याकडच्या झणझणीत कालवणात ही खूण सहज झाकली जाते. म्हणून ज्येष्ठांसाठी मसाला बेताचा ठेवावा आणि त्यांनी "जीभ चरचरते" असे म्हटले, तर तिखटाला दोष न देता ताट बाजूला करावे.

काळजी खरेदीपासूनच घ्यावी. बर्फावर नुसता मांडलेला नव्हे, बर्फात पुरलेला मासा निवडावा. बाजारात तो सर्वांत शेवटी घ्यावा, बर्फासह डब्यात घालून थेट घरी आणावा, साफ करून लगेच फ्रीजमध्ये ठेवावा आणि त्याच दिवशी रांधावा. गोठवलेला मासा ओट्यावर नव्हे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातच वितळू द्यावा. वीज बराच वेळ गेली असेल आणि मासा कोमट झाला असेल, तर तो टाकून द्यावा. अन्न वाया घालवू नये, हा संस्कार मोलाचा खरा. परंतु येथे त्याला अपवाद करावा.

त्रास झालाच, तर काय व किती वाजता खाल्ले आणि घरात आणखी कोणाला त्रास झाला का, हे डॉक्टरांना सांगावे. अनेकदा याला ॲलर्जी समजून मासे कायमचे वर्ज्य केले जातात आणि ज्येष्ठांचा एक उत्तम आहार विनाकारण सुटतो.

बर्फाची खात्री नसेल, त्या दिवशी भीमेवरील उजनी जलाशयातील रोहू, कटला किंवा मरळ आणावा. या गोड्या पाण्यातील माशांत हिस्टामिनचे भय फार कमी असते. तोही ताजाच हवा आणि काटे नीट काढूनच वाढावा. ज्येष्ठांच्या ताटात मासा जरूर असावा; बाजारातून घरापर्यंत तो गार राहील, एवढे आपण पाहावे.