वाऱ्याचा वेग मोजणारं स्वस्त मीटर: घ्यावं का आणि घेताना काय बघावं?

16 मे 2024 ला आमच्या मोशीत होर्डिंग कोसळलं. खाली लावलेल्या गाड्या चेपल्या, माणसं वाचली. तीनच दिवस आधी घाटकोपरला होर्डिंग पडून 17 जण गेले होते. त्याआधी 17 एप्रिल 2023 ला किवळ्यात पावसापासून आडोशाला थांबलेल्या पाच जणांचा जीव गेला. अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘वाराच फार होता.’

पण फार म्हणजे किती?

बांधकामाच्या आयएस 875 या मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर. हा झोताचा वेग आहे, जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 140 च्या वाऱ्यात दर चौरस मीटरवर साधारण 90 किलोचा दाब येतो. 20 बाय 40 फुटांच्या फलकावर तो जवळपास सात टन भरतो. एवढं सोसेल असाच सांगाडा हवा. 70-80 च्या वाऱ्यात तो पडला, तर दोष वाऱ्याचा नाही.

मग फोनवर बघितलं की झालं ना? नाही. फोनमध्ये वारा मोजणारा सेन्सर नसतो. अ‍ॅपवरचा आकडा म्हणजे मोठ्या परिसरासाठी संगणकाने काढलेला अंदाज. वळवाच्या पावसाआधी तुमच्या गल्लीत आलेला झोत त्यात दिसेलच असं नाही.

म्हणून मी मीटर बघायला लागलो. शिडाची होडी चालवणारे वापरतात तेच अ‍ॅनिमोमीटर. मी चार गोष्टी तपासतो:

1. सर्वाधिक वेग धरून ठेवण्याची सोय. सरासरीपेक्षा झोत महत्त्वाचा.
2. मर्यादा. बरीच स्वस्त मीटरं सेकंदाला 30 मीटरपर्यंतच, म्हणजे ताशी 108 किलोमीटरपर्यंतच मोजतात.
3. एकक. होडीवाले नॉटमध्ये बोलतात; 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.
4. प्रकार. हातातल्या पंख्याच्या मीटरचं तोंड वाऱ्याकडे धरावं लागतं. फिरत्या वाट्यांचं मीटर कुठल्याही दिशेचा वारा घेतं, त्यामुळे गच्चीवर कायमचं बसवायला तेच बरं.

होडीवर आणखी एक घोळ असतो. होडी स्वतः पुढे जात असते, त्यामुळे मीटर खरा वारा आणि होडीचा वेग यांची बेरीज-वजाबाकी दाखवतं. गच्चीवर ही भानगड नाही, पण कठडा आणि पाण्याची टाकी वारा अडवतात. मीटर त्यांच्यापेक्षा उंच लावा.

हे आकडे सरकारी पुरावा ठरणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण सोसायटीतल्या दोन-चार गच्च्यांवर वेळेसकट नोंद असेल, तर ‘वाराच फार होता’ म्हणणाऱ्याला ‘किती?’ असं विचारता येईल.

आणि एक सांगतो. वादळ सुटल्यावर मीटर हातात घेऊन बाहेर उभे राहू नका. होर्डिंगखाली तर नाहीच नाही.