लेकरांचं अंडं परत द्या!



नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला: शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि जे अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा गावात मिळणारं फळ. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने हात आखडला. अंड्याला वेगळा पैसा नाही, खिरीच्या साखरेलाही नाही. हवं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून भागवावं!

कोणाच्या सहभागातून? जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणाची मुलं बसतात? ऊसतोडीला जाणाऱ्यांची, शेतमजुरांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची. उचल घेऊन सहा महिने गाव सोडणाऱ्या बापापुढे गुरुजींनी वर्गणीची वही धरायची? शहराजवळच्या शाळेला एखादा दाता भेटेलही. मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कोण भेटणार? जिथे भूक जास्त, तिथलंच ताट रिकामं राहणार, हे मंत्रालयात कोणाला कळलं नसेल असं आम्ही मानत नाही.

शाळेतलं शिजवलेलं जेवण ही कोणाची मेहेरबानी नाही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क झाला. हक्काचं ताट वर्गणीवर ठेवलं की मूल याचक होतं. आम्हाला सर्वात जास्त चीड याची आहे.

"डाळ आहे की," असं सांगतात. पाचवीपर्यंतच्या मुलाच्या वाट्याला डाळ येते दिवसाला २० ग्रॅम. मूठही भरत नाही. त्या मुलाला एका जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा सरकारचाच निकष आहे, आणि एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली नोंदवली. तीच मुलं आज शाळेच्या वर्गांत बसली आहेत.

कोणाच्या धर्माच्या आड अंडं येत नव्हतं; फळाची सोय २०२३ च्याच निर्णयात होती. तमिळनाडूत शाळेच्या दर दिवशी अंडं मिळतं. आपल्याला आठवड्याचं एकही झेपत नाही?

येत्या ग्रामसभेला या. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही सोबत आणा, रोज ताटात काय पडतं ते त्यांच्याइतकं कोणी जाणत नाही. ठराव एवढाच: अंड्याचा आणि फळाचा पैसा सरकारने द्यावा, आमच्या शाळेत त्यासाठी वर्गणी गोळा होणार नाही. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि आमदारांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.