गरम पाण्याचा झरा कोणाचा?

गेल्या माघात आम्ही पाच निवृत्त मित्र शनिवार-रविवार गाठून सुधागडावर गेलो. साठी ओलांडलेल्या माणसांनी ठाकूरवाडीची शिडी चढावी की नाही, याविषयी घरोघरी मतभेद होते. ते बाजूस ठेवून आम्ही चढलो, रात्री पंतसचिवांच्या वाड्यात पथाऱ्या टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी पालीजवळच्या उन्हेरे येथील कुंडात दुखऱ्या पायांना शेक दिला. हे प्रवासवर्णन नव्हे. कुंडाच्या काठी आमच्यात जो वाद झाला तो पाच म्हाताऱ्यांपुरता नाही, म्हणून येथे मांडतो.

आमचे एक स्नेही बँकेतून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आहेत. त्यांचे म्हणणे असे : ‘फुकटाला किंमत नसते. सार्वजनिक कुंड म्हटले की साबणाचा फेस आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्याच. हे झरे एखाद्या चांगल्या कंपनीकडे द्यावेत. ती तिकीट लावील, स्वच्छता राखील आणि गावाला रोजगारही मिळेल.’ सुशिक्षित वर्गात हे मत आज सर्रास ऐकू येते. अस्वच्छतेची तक्रार खोटी नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. खोटा आहे तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष.

ठाण्याच्या वज्रेश्वरी-अकलोलीपासून रत्नागिरीच्या तुरळ-राजवाडीपर्यंत कोकणात असे झरे ठिकठिकाणी आहेत. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. या क्रियेत कोणाही भांडवलदाराचा छदाम गुंतलेला नाही. जमिनीच्या मूळ आणि अविनाशी शक्तींच्या वापरासाठी जमीनमालकाला जे दिले जाते त्याला रिकार्डोने १८१७ साली खंड म्हटले. तिकिटाच्या रकमेत झाडूवाल्याची मजुरी असेल, कपडे बदलण्याच्या खोलीचा खर्च असेल, तेवढा आम्ही आनंदाने देऊ. त्यावर उरेल तो शुद्ध खंड. तो कंपनीने कशाच्या बळावर घ्यावा? तिने पाणी तापवले काय?

स्नेह्यांचा युक्तिवाद नवा नाही. सामायिक मालमत्ता अखेर नासतेच, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली प्रतिपादन केले आणि खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना आयते सूत्र मिळाले. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, मासेमारी आणि पाटबंधारे यांचा अभ्यास करून १९९० साली दाखवून दिले की वापरणाऱ्यांनीच नियम केले, देखरेख ठेवली आणि मोडणाऱ्याला दंड केला, तर सामायिक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नासते ती वाऱ्यावर सोडलेली मालमत्ता. सर्वांची असणे आणि बेवारशी असणे यांतला फरक बँकेच्या अधिकाऱ्याला तरी कळायला हवा.

शिवाय रायगड जिल्ह्यात बसून पाण्याविषयी बोलताना महाड विसरता येत नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करून चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. जातीची बंदी आणि तिकिटाची बंदी एक नव्हे, हे खरे. तथापि दोन्ही वेळा दाराबाहेर राहणारी माणसे बहुतांशी तीच असतात.

याचे प्रत्यंतर त्याच दिवशी आले. परतीच्या वाटेवर एका वीटभट्टीवर कातकरी कुटुंबे राबत होती. लहान पोरे कच्च्या विटा पालथ्या घालीत होती. मी एका बाईंना विचारले, ‘बाई, आज रविवार. सुट्टी नाही?’ त्या हसून म्हणाल्या, ‘बाबा, आमचा रविवार पावसात.’ म्हणजे भट्टी बंद पडते तेव्हा, आणि तेव्हा मजुरीही बंद. दिवाळीपूर्वी उचल घ्यायची आणि ती फेडीत पाऊस गाठायचा, हे चक्र १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानंतरही फिरतेच आहे.

ज्या रविवारच्या जोरावर आम्ही गड चढलो तो आकाशातून पडलेला नाही. १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित करणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज एका बाजूस आठवड्याला ७० तास काम करा, असा उपदेश उद्योगपती करतात (२०२३ साली तो गाजलाही), आणि दुसऱ्या बाजूस तोच वर्ग विश्रांती विकायला काढतो. अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००४-०५ साठी ९२ टक्के श्रमिक अनौपचारिक ठरवले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना रविवार अद्याप पोहोचलेलाच नाही.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. झऱ्यांची मालकी व व्यवस्था ग्रामसभेकडे राहावी. स्नानावर तिकीट नसावे, शहरातून येणाऱ्या मोटारींवर वाहनतळाचे शुल्क घ्यावे आणि त्यातून सफाई कामगाराला पूर्ण वेतन द्यावे. झरा वनजमिनीत असेल तेथे २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे निकाली काढावेत. आणि वीटभट्टीवरील मजुराला पगारी साप्ताहिक सुट्टी मिळते की नाही, हे तपासण्यासाठी कामगार खात्याचा निरीक्षक भट्टीवर पोहोचला पाहिजे.

पालीच्या स्थानकावर स्नेह्यांनी शेवटचा आक्षेप घेतला : ‘गावच्या पुढाऱ्यांत खाबूगिरी नसते काय?’ असते. म्हणूनच जमाखर्च दर तिमाहीस ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा आणि वाचताना ती भट्टीवरची बाई समोर बसलेली असावी. कंपनीच्या ताळेबंदाच्या वाचनाला तिला कोण बोलावणार आहे?