डब्याचा हिशेब

जबलपूरचा गढा भाग म्हणजे एके काळची गोंड राजांची राजधानी. मदन महालाची टेकडी, देवताल, सूपाताल अशी जुनी तळी आणि त्यांच्या आजूबाजूला वाढत गेलेल्या वस्त्या, असे आजचे त्याचे रूप आहे. येथील नोकरदार माणसांना कामासाठी बरेचदा लांब जावे लागते. 1904 साली सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, 1969 ची व्हेइकल फॅक्टरी आणि खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना शहराच्या पार दुसऱ्या बाजूला. वीज कंपन्यांचे शक्तिभवन रामपूरला, हायकोर्ट शहरात. मेडिकल कॉलेज तेवढे जवळ. दुपारी घरी येऊन गरम पोळी खाऊन परत जावे, अशी सोय फार थोड्यांच्या नशिबी असते. म्हणून सकाळी घरोघरी डबे भरले जातात. जबलपूरच्या मराठी घरात त्याला डबा म्हणतात आणि उंबरठा ओलांडला की त्याचाच टिफिन होतो, एवढाच काय तो फरक.

डबा नेला की पैसे वाचतात, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पण नेमके किती वाचतात, कोणामुळे वाचतात आणि वाचलेले जातात कुठे, हा हिशेब किती घरांत मांडला जातो?

आधी ज्यांचे फारसे वाचत नाहीत त्यांच्याविषयी. 1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद केली होती. पुढे 1976 च्या दुरुस्तीने अशीही सोय झाली की, कॅन्टीन चालवण्याचे काही खर्च पदार्थांच्या किमतीत न धरता मालकाने सोसावेत. अशा कॅन्टीनमधले जेवण स्वस्त पडते आणि त्याच्याशी तुलना केली तर घरच्या डब्यातून हाती फारसे काही लागत नाही. तेथे डबा न्यायचा तो चवीसाठी, कमी तेलासाठी किंवा डॉक्टरांनी पथ्य सांगितले म्हणून. गंमत अशी की, याच कायद्यात 150 हून अधिक कामगार असतील तेथे जेवणाची खोली आणि पिण्याचे पाणी हवे, असेही म्हटले होते, आणि ही खोली कशासाठी, तर कामगारांनी बरोबर आणलेले जेवण खाण्यासाठी. यंत्रांना कुंपण कसे घालावे हे सांगणाऱ्या कायद्याने घरच्या डब्यासाठीही एक खोली राखून ठेवली होती!

खरी बचत आहे ती ज्यांच्या कामाच्या जागी कॅन्टीन नाही त्यांची. दुकानात, खाजगी कचेरीत, वकिलाकडे, शिकवणीच्या वर्गात काम करणाऱ्यांची. समजा, गढ्यातल्या एका घरात नवरा शहरात खाजगी कंपनीत हिशेबनीस आहे आणि बायको शाळेत शिक्षिका. जवळच्या भोजनालयातली थाळी 100 रुपयांना पडते आणि घरच्या एका डब्याला कणीक, भाजी, तेल, गॅस सगळे धरून 35 रुपये लागतात. (ज्याने त्याने आपल्या गावचे भाव घालून पाहावेत, रीत तीच.) महिन्याचे 24 दिवस कामाचे धरले, तर एका माणसामागे 1,560 रुपये वाचायला हवेत.

पण वाचत नाहीत. महिन्यातून चार दिवस कोणाची बढती होते, कोणाचा वाढदिवस असतो, नाही तर नुसताच कंटाळा येतो आणि मंडळी बाहेर जेवायला जातात. त्या दिवशी थाळीचे 100 जातात आणि डब्याचे 35 तर आधीच गेलेले असतात. म्हणजे 24 डब्यांचे 840 आणि चार थाळ्यांचे 400, एकूण 1,240. रोज बाहेर जेवून 2,400 झाले असते, तेव्हा खरी बचत 1,160 रुपयांची. त्यातून चार वाजता चहाबरोबर मंगोडे आणि शनिवारी खोव्याची जिलबी. जबलपूरला राहून या दोन्हींना नाही म्हणणे कठीणच, आणि म्हणूही नये. मात्र डबा नेतो म्हणून हे खाणे फुकट पडते, अशी समजूत करून घेऊ नये.

आता या हिशेबातली न दिसणारी बाजू. सकाळच्या डब्याला पाऊण तास लागतो असे धरले, तर 24 दिवसांचे 18 तास झाले. 1,160 ला 18 ने भागले की तासाला जेमतेम 64 रुपये पडतात. डबा एकाऐवजी दोघांचा असेल तर वेळ तेवढाच लागतो आणि मोबदला दुप्पट होतो, म्हणून घरातून दोन-तीन डबे निघत असतील तेथे हा उद्योग नक्कीच परवडतो. पण हे 18 तास कोणाचे? आपल्या उदाहरणातली शिक्षिका पाचला उठते. तिचा नवरा सव्वासहाला उठतो, पेपर चाळतो आणि भरलेला डबा उचलून निघतो. वाईट माणूस नव्हे तो. डबा आपोआप भरला जात नाही, हे त्याच्या कधी ध्यानातच आलेले नसते. भारत सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात जात असल्याचे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. आणि मुळात त्या कामाला हात लावणारे पुरुषच चारात एक होते. तेव्हा डब्यातून वाचलेला पैसा हा पुष्कळ घरांत एका बाईच्या झोपेतून वाचलेला पैसा असतो. तीही नोकरी करत असेल, तर दुपारी वर्गात जांभई कोणाला येते हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे डबा बंद करणे नव्हे. सकाळचे काम रात्री सरकवता येते आणि रात्रीचे काम वाटून घेता येते. भाजी निवडणे, चिरणे, कणीक भिजवून फ्रीजमध्ये ठेवणे, डबे पुसून ओट्यावर मांडणे, यातले कोणतेही काम पुरुषाला न येण्यासारखे नाही. जबलपूर भागात मटार मुबलक पिकतो. हिवाळ्यात भाव उतरला की पाच-दहा किलो आणावा आणि टीव्हीपुढे बसून सगळ्यांनी सोलावा. हे काम पुरुषमंडळी तक्रार न करता करतात, असा बहुतेक गृहिणींचा अनुभव असेल. उकळत्या पाण्यात दोन मिनिटे टाकून, लगेच गार पाण्यात काढून, निथळून फ्रीझरमध्ये ठेवलेला मटार पुढे कितीतरी सकाळी उपयोगी पडतो.

डब्यात काय द्यावे, याचाही पैशाशी संबंध आहे, कारण न खाल्लेला डबा सगळ्यांत महाग. मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली डबे पोहोचवण्याची पद्धत सुरू केली, तेव्हापासून तेथील कितीतरी माणसे घरून उशिरा निघालेला ताजा डबा खात आली आहेत. गढ्याहून निघालेला डबा मात्र माणसाबरोबरच सकाळी आठला निघतो आणि एक वाजता उघडतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हे पाच तास फार झाले. भात त्यातल्या त्यात धोक्याचा; शिजवूनही न मरणारे काही जंतू त्यात असतात आणि उबदार हवेत ते वाढून पोट बिघडवतात. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन डब्यात घालण्याची काटकसर उन्हाळ्यात तरी करू नये. ओल्या नारळाचे वाटण, पातळ आमटी, बटाट्याची ओलसर भाजी हीसुद्धा लवकर विटतात. त्यापेक्षा कोरडी परतलेली भाजी, पिठले घट्ट करून, थालीपीठ, मेथीचे पराठे बरे. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या मऊ राहतात. प्रवासात त्या उगीच नेत नसत. पोळ्या वाफ गेल्यावरच डब्यात घालाव्यात, नाही तर झाकणाला पाणी सुटून खालची पोळी लगदा होते आणि चिडलेला माणूस थाळी मागवतो. लोणचे द्यायचे तर स्टीलच्या डबीत द्यावे, साध्या ॲल्युमिनियमच्या नको.

राहिला वाचलेल्या पैशाचा प्रश्न. पाकिटात राहिलेले 1,160 रुपये पाकिटातून दुसरीकडे जातातच. म्हणून पगाराच्या दिवशीच त्यातले 1,000 पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकावेत. 2023 च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या 6.7 टक्के दराने दरमहा 1,000 चे पाच वर्षांत सुमारे 71,000 होतात. दर बदलत असतो, तेव्हा खाते उघडताना पोस्टात विचारून घ्यावे. खाते कोणाच्या नावाने उघडावे? पाचला उठणारीच्या. यावर घरात थोडी चर्चा होईल, होऊ द्यावी. सासूबाई डबा भरत असतील, तर त्यांच्या नावाने उघडावे.

आणि एक नियम पहिल्या दिवसापासून लावावा: आपला डबा संध्याकाळी ज्याचा त्याने पिशवीतून काढून धुवायचा. शनिवारी पिशवीत विसरलेला डबा सोमवारी सकाळी कोणी उघडावा, यावरून गढ्यातच काय, कोणत्याही गावात भांडण होऊ शकते. जो विसरेल त्याने सोमवारी थाळी खावी, आणि तिचे 100 रुपये त्याच्या स्वतःच्या खर्चातून जावेत.