आगीच्या विम्यात गिऱ्हाईक येत नाही



छोट्या दुकानदाराला दायित्व विम्याची गरज नाही, असे सांगणाऱ्या आपल्या अंकातील लेखात बरीच गल्लत आहे.

'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घेतली की काळजी मिटली, असे लेखक म्हणतात. १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी ही आगीच्या विम्याची पॉलिसी धंद्याच्या स्वतःच्या मालमत्तेसाठी आहे: इमारत, यंत्रे, माल. सदाशिव पेठेतल्या एखाद्या खानावळीत ओल्या फरशीवर गिऱ्हाईक घसरले, खुब्याचे हाड मोडले आणि वकिलाची नोटीस आली, तर तिचा काय उपयोग? तिथे सार्वजनिक दायित्वाचीच पॉलिसी लागते. वाढपी घसरला तर तीही नाही. त्याच्यासाठी कर्मचारी भरपाईचा वेगळा विमा. (एजंट हे आपणहून सांगत नाहीत, एवढे लेखकाचे खरे.)

१९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा फक्त मोठ्या कारखान्यांना लागू, हेही चूक. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेला हा कायदा धंद्याचा आकार बघत नाही; घातक पदार्थ कोणता आणि साठा किती, हे बघतो. आणि घातक पदार्थ नसलेल्या दुकानाला विम्याची सक्ती नाही म्हणजे जबाबदारी नाही, हे कोणी सांगितले? एकल मालकीच्या धंद्यात तर वसुली घरापर्यंत येते.

कंपनीने दावा नाकारला तर जायचे कुठे, असा लेखकाचा सवाल. पुण्यातच, विमा लोकपालाकडे. सूक्ष्म उद्योग आणि एकल मालकीच्या धंद्यांच्या तक्रारी तिथे चालतात. शुल्क नाही, वकील नको. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी.

– एक व्यापारी, शुक्रवार पेठ, पुणे