उचलीच्या आधी पोहोचू या

बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड कुटुंबांवर येणाऱ्या संकटाची वेळ आपल्याला आधीच ठाऊक असते. पावसाळ्यात मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज या भागांतल्या कित्येक वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच उरतात. हे दरवर्षी घडते, ठरल्या महिन्यात घडते. तरीही आपली मदत बहुधा गाडी निघून गेल्यावर हलते. अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामसेवक, समुपदेशक आणि संस्थांचे कार्यकर्ते अशा आपल्या सर्वांशी यंदा याविषयीच बोलायचे आहे.

उशिराची किंमत 2019 मध्ये आकड्यांत दिसली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती, म्हणजे सहा जणींमागे साधारण एक. पुढे खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. तो निर्बंध हवाच होता. पण बाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते ती फार आधी सुरू झालेल्या वाटेने. फडावर ना शौचालय, ना आडोसा, ना स्वच्छ पाणी. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पण दवाखाना हंगाम संपल्यावर. तोवर दुखणे मुरलेले असते आणि कर्करोगाच्या भीतीपुढे बाई हतबल होते. निघण्याआधी तपासणी, पुरेसे औषध आणि सोबत आरोग्यपत्रिका एवढे मिळाले तरी ही वाट पुष्कळ आधी वळवता येते.

बालविवाहाचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, 20 ते 24 वर्षांच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात 22 टक्क्यांच्या आसपास होते, तर बीडमध्ये 40 टक्क्यांहून अधिक. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि उचल जोडीला मिळते. शिवाय वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईचा प्रश्न खरा आहे. मांडवात जाऊन लग्न थांबवणे कायद्याने आवश्यक आहे, पण तोवर दोन्ही घरांचा पैसा आणि शब्द गुंतलेला असतो. त्या मुलीला भाद्रपदातच वसतिगृहात खात्रीची जागा मिळाली तर लग्न ठरवण्याची घाईच उरत नाही. संत भगवानबाबा योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांचा निर्णय 2021 मध्ये झाला. गावोगावच्या हंगामी वसतिगृहांची सोय त्याहून जुनी आहे. मात्र मंजुरी दिवाळीनंतर आली, तर तोवर मुले आईबापांबरोबर कोपीत पोहोचलेली असतात.

मागे राहिलेल्या वृद्धांकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते. आजी नातवंडांना सांभाळते, म्हणून ती आपल्या नोंदींत सांभाळणारी ठरते. तिलाही कुणीतरी सांभाळायला हवे हे निसटते. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोण आणणार, श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला बँकेत कोण नेणार, रेशन कुणाच्या अंगठ्यावर मिळणार, हे मुलगा-सून गावात असतानाच ठरले पाहिजे. ज्येष्ठांसाठी 14567 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक घराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावेत.

म्हणून आमचे आवाहन आहे: श्रावणातच घरोघरची यादी करा. कोण जाणार, कोण मागे राहणार, गरोदर किंवा आजारी कोण, तेरा ते सतरा वर्षांच्या मुली किती. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत फक्त संख्या मांडून वसतिगृहाचा ठराव घ्या. कुणाचे दुखणे किंवा घरगुती अडचण चारचौघांत येऊ देऊ नका. गरोदर माता आणि बालकांची नोंद शासनाच्या स्थलांतर नोंदप्रणालीत करा, म्हणजे कारखान्याजवळच्या अंगणवाडीला त्यांचा पत्ता लागेल. उचल किती घेतली, कुणाकडून आणि कोणत्या अटींवर, हेही विश्वासाने विचारा. कर्जाचा आकडा कळल्याशिवाय त्या घरातले बाकीचे निर्णय कळत नाहीत.

या कामाची बातमी होत नाही. थांबवलेल्या लग्नाचे छायाचित्र छापून येते, न ठरलेल्या लग्नाचे येत नाही. अहवालात मात्र त्याला जागा देणे आपल्या हाती आहे. किती प्रकरणे हाताळली याबरोबर किती घरांपर्यंत उचलीच्या आधी पोहोचलो, हा रकाना प्रत्येक संस्थेने आणि प्रत्येक कार्यालयाने यंदापासून जोडावा. निधी देणाऱ्यांनीही आधी तोच वाचावा.